धानासाठी बांधलं, पाखरांनी बळकावलं

नवेगावबांधचा तलाव पहिल्यांदा बघणारा हमखास फसतो. नागपूरहून भंडारा, साकोली करत गोंदिया जिल्ह्यात शिरावं, रान दाट होत जावं आणि एकदम डोंगरांच्या मधोमध सुमारे 11 चौरस किलोमीटर पाणी! वाटतं, हे पृथ्वीबरोबरच जन्मलं असणार.

छे! हे माणसानं बांधलंय. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी, कोलू पाटील कोहळी यांनी. लोकांनी पुढे त्यांचा कोलासूर देव केला, करणारच! डोंगर उभेच होते, ‘सात बहिणी’ म्हणतात त्यांना. कोहळी समाजातल्या लोकांनी मधल्या मोकळ्या जागा मातीच्या पाळीनं अडवल्या. पाणी कुठवर चढेल, हे कुठल्या यंत्रानं मोजलं असेल? जमिनीचा उतार वाचणारी नजर, एवढंच भांडवल.

हे सगळं धानासाठी. मग पाखरं कशी आली?

गंमत इथेच आहे. अशा तलावांचं तुडुम, म्हणजे पाणी सोडायचं दार, उघडलं की पाणी धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे शेतांत जातं आणि तलाव काठाकाठानं आटत येतो. म्हणजे रोज नवी पंगत! खोल पाण्यात पाणकावळा बुडी मारतो, गुडघाभर पाण्यात बगळा उभा, आणि कालपर्यंत बुडालेल्या ओल्या गाळात तुतारी पक्षी चोच खुपसून किडे टिपतोय. पाणी वर्षभर एकाच पातळीला राहिलं असतं, तर हा गाळ उघडाच पडला नसता. शेतकऱ्यानं पाणी वापरलं म्हणून पाखरांचं पोट भरलं!

आणि हिवाळी पाहुणे? विदर्भातल्या तलावांवर उतरणारा पट्टकादंब चक्क हिमालय ओलांडून येतो. तिथल्या विरळ हवेतही त्याचं रक्त प्राणवायू घट्ट पकडतं.

भोवतालचं रानही नुसती शोभा नाही. पालापाचोळा पावसाचं पाणी अडवून धरतो, त्यामुळे डोंगरावरची माती एकदम तलावात येत नाही. 1975मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झालं, 2013मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. वनाधिकारी मारुती चितमपल्लींनी इथली वर्षं लिहून ठेवली, म्हणून हा तलाव मराठी घराघरांत पोचला.

गोंदियाचा सारस मात्र तलावावर थांबत नाही. तो थेट धानाच्या बांधीत शिरतो, चिखलात गवताचा ढीग रचतो आणि उभ्या पिकात संसार थाटतो. उडणाऱ्या पक्ष्यांत जगातला सर्वांत उंच पक्षी, आणि त्याचं बाळंतपण शेतकऱ्याच्या शेतात!