आधी श्रवण, मग कीर्तन

आषाढी एकादशीने चातुर्मासास प्रारंभ होतो आणि बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगररांगांपासून गोदाकाठापर्यंत हरिनाम सप्ताहांचे मंडप उभे राहू लागतात. पहाटे काकडा, दिवसा पारायण, सायंकाळी हरिपाठ आणि रात्री कीर्तन असा सात दिवसांचा क्रम चालतो व काल्याच्या कीर्तनाने त्याची सांगता होते. दिवसभर शेतात राबलेला माणूस रात्री दोन-दोन तास मांडी घालून कीर्तन ऐकतो. ही किमया नुसत्या आवाजाची नव्हे. बोलण्याची जी शिस्त आपल्या संतपरंपरेने घालून दिली, तिची ही किमया आहे. सभेत कसे बोलावे, हे शिकविणारी पाठशाळा अशी आपल्या दारातच आहे. या पर्वकाळी तिचे मर्म वाचकांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटते.

पहिली पायरी श्रवणाची

श्रीमद्‌भागवतातील नवविधा भक्तीत श्रवण पहिले आणि कीर्तन दुसरे. हा क्रम सहज आलेला नाही. ज्याने मन लावून ऐकले नाही, त्याच्या बोलण्यास पाया नसतो. जोगमहाराजांनी १९१७ साली आळंदी येथे वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. तेथील अभ्यासक्रम चार वर्षांचा. ज्ञानेश्वरी आणि गाथा यांचे पाठांतर व चिंतन करावे, टाळ-मृदंगाची साथ करावी, थोरांच्या मागे उभे राहून ध्रुपद धरावे आणि मग स्वतः कीर्तनास उभे राहावे, अशी ही रीत. आपल्या जिल्ह्यातील नेकनूरचे बंकटस्वामी याच परंपरेतले. सावरगावी जन्मलेले संत भगवानबाबा (१८९६–१९६५) यांनीही आळंदीस राहून अध्ययन केले आणि मगच गावोगाव कीर्तने केली. मंचावरचा एक तास उभा राहतो, तो असा वर्षांच्या मौनावर.

एकच अभंग

कीर्तनकार निरूपणासाठी एक अभंग निवडतो आणि अखेरपर्यंत तो सोडीत नाही. प्रथम नमन, मग अभंगाचे वाचन, मग त्यातील एकेका चरणाचा उलगडा. प्रत्येक विधानास संतवचनाचे प्रमाण आणि प्रत्येक प्रमाणास व्यवहारातला दृष्टांत. मधून मधून टाळकरी ध्रुपद उचलतात. तेवढ्यात वक्त्यास श्वास घेता येतो आणि ऐकलेले श्रोत्यांच्या मनात मुरते. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात सिद्धांत मांडतात, मध्यंतरी बुक्का लावून हार घालतात आणि उत्तररंगात तोच सिद्धांत आख्यानाच्या रूपाने डोळ्यांपुढे उभा करतात. शेवटी कीर्तनकार पुन्हा मूळ अभंगावर येतो. निघालो कोठून आणि पोहोचलो कोठे, हे त्यामुळे साध्यासुध्या श्रोत्यासही कळते. श्रीसमर्थांनी दासबोधाच्या चौदाव्या दशकात कीर्तनलक्षणावर स्वतंत्र समास योजला, यावरून या कलेची थोरवी ध्यानी यावी.

विषयाची मांडणी कशी असावी, याचा आणखी एक दाखला आपल्या अंबाजोगाईत आहे. तेथील संतकवी दासोपंत (१५५१–१६१५) यांनी पंचीकरणासारखा गहन विषय एका लांबलचक वस्त्रावर आकृत्या व कोष्टके काढून लिहिला. हीच ती प्रसिद्ध पासोडी. पंचमहाभूतांपासून देहापर्यंतचा सारा विस्तार एका कापडावर मांडता येतो, तो मनात स्वच्छ असतो म्हणूनच. बोलण्यापूर्वी प्रत्येक वक्त्याने आपल्या विषयाची अशी पासोडी मनाशी विणावी.

श्रोत्यांची भाषा

याच अंबाजोगाईत आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आहे. शके १११० मधील मानल्या जाणाऱ्या विवेकसिंधूत त्यांनी वेदान्त मराठीत आणला. ऐकणाऱ्याच्या भाषेत बोलणे म्हणजे विषय हलका करणे नव्हे, हा धडा त्यांनी आठ शतकांपूर्वीच घालून दिला. बीडचा श्रोता कोरडवाहू शेती जाणतो, दुष्काळ जाणतो. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीस निघणारी बिऱ्हाडे त्याच्याच घरची असतात. त्याला प्रपंचातील वियोग सांगायचा, तर दूरचा दाखला कशास हवा? म्हाताऱ्या आईपाशी लेकरू ठेवून निघालेली माउली पुरेशी आहे.

गाडगेबाबा (१८७६–१९५६) तर कीर्तनात श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढीत. पण ते बोलण्यास उभे राहत, त्याआधी दिवसभर गाव खराट्याने झाडीत. त्यांचे अर्धे कीर्तन तेथेच झालेले असे.

आजची कसोटी

येथेच खरी कसोटी आहे. आज ध्वनिक्षेपक वाडीवस्तीवर पोहोचले, कीर्तने भ्रमणध्वनीच्या पडद्यावर दिसू लागली. श्रोते वाढले, ही आनंदाची गोष्ट. पण हशा आणि टाळ्या मोजण्याचा मोहही वाढला. विनोद दृष्टांतापुरता शोभतो. त्यानेच अभंगाची जागा घेतली, तर मंडपातून उठलेला माणूस हसत घरी जातो खरा, पण सोबत काही नेत नाही. बिदागीचे आकडे आधी ठरू लागले, की उपदेशाचे वजन त्याच मापाने घटते. जेथे कीर्तन करावे तेथील अन्नही घेऊ नये, असा दंडक तुकोबांनी सांगितला. वक्त्याचा शब्द कोणाचा मिंधा नसावा, हेच त्याचे मर्म होय.

म्हणून या चातुर्मासात घरातील मुलामुलींना कीर्तनास अवश्य न्यावे. आज कोणता अभंग होता, कोणता दृष्टांत दिला, शेवट कशावर झाला, एवढे तीन प्रश्न घरी परतल्यावर विचारावेत. उद्या हीच मुले शाळेत, ग्रामसभेत बोलण्यास उभी राहतील. तेव्हा एक विषय धरणे, वेळ पाळणे, समोरच्याच्या भाषेत बोलणे आणि आपण आचरतो तेवढेच सांगणे, हे चार नियम त्यांना वेगळे शिकवावे लागणार नाहीत.

वाणी हे देवाचे देणे आहे. ती श्रवणाने शुद्ध व्हावी आणि आचरणाने समर्थ व्हावी, हीच पांडुरंगचरणी प्रार्थना.