टायरवरील आकड्यांचे गणित

जपानच्या माझदा कंपनीने १९८९ साली मियाटा ही दोन आसनांची स्पोर्ट्स कार विक्रीस आणली. तिच्या टायरवर १८५/६० आर १४ असे लिहिलेले असे. यातील १८५ ही टायरची रुंदी मिलिमीटरांत, ६० हे बाजूच्या भिंतीच्या उंचीचे रुंदीशी शेकडा प्रमाण, ‘आर’ ही अरीय बांधणीची खूण आणि १४ हा रिमचा व्यास इंचांत होय. मिलिमीटर व इंच असे शेजारी नांदावेत हे विचित्र खरे, परंतु तीच रूढी आहे. येथे भिंत १११ मिलिमीटर आणि रिम ३५५.६, तेव्हा चाकाचा पूर्ण व्यास ५७७.६ भरतो.

आता हौसेने पंधरा इंची रिम बसवावयाचा झाल्यास १९५/५० हा टायर योग्य. व्यास ५७६, म्हणजे जवळजवळ तोच. २०५/५५ घेतल्यास मात्र तो ६०६.५ होतो. वेगमापक चाकाचे फेरे मोजतो, अंतर नव्हे; म्हणून पूर्वी अचूक असलेला काटा ताशी १०० किलोमीटर दाखवीत असता गाडी १०५ने धावत असते. शिवाय वळणावर टायर मडगार्डला घासण्याचे भय असते. भिंत आखूड झाली की सुकाणूला प्रतिसाद चपळ मिळतो, पण खड्ड्याचा आघात थेट रिमवर येतो. नव्या टायरची भारक्षमता मूळ टायरहून कमी नसावी, हे विकत घेण्यापूर्वीच पाहावे.