उताराचा हिशेब

माणगावहून म्हसळ्याकडे निघालेली गाडी घोणसे घाटाच्या वळणांवर आली की तिच्या सर्वांत दुर्लक्षित अवयवाची परीक्षा सुरू होते. चढणीवर इंजिनाची धाप सर्वांनाच ऐकू येते. उतरणीवर ब्रेक जे काम निमूटपणे करीत असतात त्याची दखल मात्र बहुधा ते निकामी झाल्यावरच घेतली जाते. ताम्हिणीमार्गे श्रीवर्धन-हरिहरेश्वरास जाणाऱ्या पर्यटकांच्या मोटारी, दिघीचे अवजड ट्रक, एस. टी.च्या गाड्या आणि खेड्यापाड्यांतली माणसे तालुक्याच्या गावी आणणाऱ्या मिनीडोअर रिक्षा या सर्वांना या मुलखात उतारच उतार लागतात. आणि ब्रेक सुधारणे म्हणजे मोठी डिस्क, महाग कॅलिपर, सबब आपल्या ऐपतीबाहेरची बाब, अशी त्यांच्या पुष्कळशा मालकांची समजूत असते. ही समजूत पदार्थविज्ञानाला मान्य नाही, आणि ती खोडून काढणे मला अगत्याचे वाटते.

ब्रेक गतीचा नाश करीत नाहीत, तिचे उष्णतेत रूपांतर करतात. माणसे व सामान धरून १२०० किलो भरणारी मोटार ताशी ६० किलोमीटर वेगात असता थांबविली, तर सुमारे १ लाख ६७ हजार जूल उष्णता निर्माण होते. अर्धा लिटर पाणी उकळीस आणायला जवळजवळ तेवढीच लागते. घाटातला जमाखर्च याहून निराळा आहे. तीच गाडी १०० मीटर उंची उतरते तेव्हा, वेग तिळभरही न वाढता, गुरुत्वाकर्षण तिच्या खात्यावर पावणेबारा लाख जूल जमा करते, म्हणजे ताशी ६० वरून सात वेळा गाडी थांबविण्याइतकी ऊर्जा. यांतला जो हिस्सा वारा, टायर आणि इंजिन घेत नाहीत, तो सर्व ब्रेकांना पचवावा लागतो.

या उष्णतेचा पहिला बळी लोखंड नव्हे. गॅरेजमध्ये ज्याला ब्रेक ऑइल म्हणतात तो द्रव होय. नावाने ऑइल असले तरी ते खनिज तेल नाही. सामान्य मोटारींत ते ग्लायकॉल ईथर वर्गातले रसायन असते. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हा पास्कलचा सतराव्या शतकातला सिद्धान्त पॅडलपासून चाकापर्यंत राबवायचा, एवढेच त्याचे काम, आणि द्रव जवळजवळ दाबला जात नाही म्हणूनच ते साधते. परंतु हे रसायन पाण्याचे लोभी आहे. रबरी नळ्यांतून आणि टाकीच्या झाकणातून ते हवेतली वाफ शोषून घेत राहते; आणि जेथे वर्षाकाठी साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, खाडीवरची दमट हवा बारमाही असते, तेथे या लोभाला तोटा कोणता? नव्या बाटलीतले डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असे मानक आहे, त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की हीच किमान मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ चे आकडे अनुक्रमे २३० आणि १५५ आहेत. लांब उतारावर चाकाजवळचा द्रव उकळला की त्याची वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पॅडल फळीपर्यंत जाऊनही चाकावर जोर येत नाही. घाटाच्या माथ्यावर ठणठणीत असलेले ब्रेक पायथ्याशी दगा देतात त्याचे एक कारण हे, आणि त्यावरची तजवीज काही शे रुपयांची आहे: साधारण दर दोन वर्षांनी द्रव बदलणे, आणि ज्या गाडीला डॉट ३ सांगितले आहे तीत सामान्यतः चालणारे डॉट ४ भरणे. सिलिकोनचे डॉट ५ हे वेगळेच द्रव्य. ते यात मिसळू नये. खनिज तेलाने तर रबरी वायसर फुगून सगळी यंत्रणाच नादुरुस्त होते.

दुसरी बाब लायनरची, म्हणजे ब्रेकच्या घर्षण-अस्तराची. १८९७ साली हर्बर्ट फ्रूड या इंग्रज गृहस्थाने घोडागाड्यांच्या लाकडी ब्रेकांसाठी घर्षणाचे अस्तर तयार केले, तेव्हापासून ही विद्या वाढत आली आहे. अस्तर बांधणारी राळ अतितप्त झाली की वायू सोडते, पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो आणि घर्षण घटते. ड्रमच्या बाबतीत तर तापलेला ड्रम फुगून अस्तर बसविलेल्या शूपासून दूर सरकतो. म्हणून चांगल्या प्रतीचे पॅड व लायनर घ्यावेत, खोबणी पडलेला ड्रम मर्यादेत बसत असेल तर लेथवर फिरवून घ्यावा, आणि नवे अस्तर बसविल्यावर मोकळ्या रस्त्यावर काही वेळा मध्यम जोराने ब्रेक लावून ते पृष्ठभागाशी जुळू द्यावे. ड्रममधली धूळ मात्र हवेच्या नळीने उडवू नये. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकते, आणि ते काम करणाऱ्या कारागिराच्या फुप्फुसात जाते.

मोठ्या डिस्कचे म्हणाल तर, ब्रेक चाक थांबवितो, गाडी थांबवितो तो टायर. सध्याच्या ब्रेकने चाक जागीच जखडता येत असेल, तर अधिक जोराचा ब्रेक ओल्या डांबरावर अंतर कमी करू शकत नाही. खाचा १.६ मिलिमीटरपर्यंत झिजलेले टायर मोटारीसाठी कायद्याची शेवटची मर्यादा आहेत. पावसाळ्यापूर्वी ते बदलणे ही डिस्कपेक्षा श्रेयस्कर गुंतवणूक होय.

आणि बिनखर्चाची सुधारणा? ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या चालकांचा दंडक. पेट्रोल वाचावे म्हणून काही जण उतारावर न्यूट्रल करतात. काही तर इंजिनच बंद करतात. आधुनिक इंजेक्शनच्या इंजिनात गिअर घालून, ॲक्सिलरेटर सोडून उतरताना इंधन बहुतांशी आपोआप तोडले जाते, त्यामुळे बचतीचा हिशेबच चुकतो. उलट इंजिन बंद पडले की ब्रेकला साह्य करणारी निर्वात पेटी दोन-तीन दाबांत रिकामी होते आणि पॅडल दगडासारखे घट्ट होते.

द्रव बदलताना जवळ उभे राहून पाहण्यासारखे असते. एक जण पॅडल दाबून धरतो, दुसरा चाकाजवळचा निपल किंचित उघडतो, आणि पारदर्शक नळीतून आधी काळसर, कॉफीच्या रंगाचा द्रव हवेच्या बुडबुड्यांसह बाटलीत उतरतो. बाटली भरत जाते, रंग उजळत जातो, आणि शेवटच्या चाकाशी तो मधासारखा स्वच्छ येऊ लागला की गाडीत बसलेल्या माणसाच्या पायाखालचे पॅडल वरच्या वरच टणक लागते.