सरासरीत न दिसणारा पाडा

आशाताईंनी आधी हात धुतले, कोपरापर्यंत साबण लावून. मग ते वर धरून वाऱ्यावर वाळवले. पदराला पुसायचे नाहीत, हे त्यांनी बाळाच्या आजीलाही सांगितलं. भामरागड तालुक्यातला हा एक पाडा, भातकापणीचे दिवस, बाळ सात दिवसांचं. बोलणं माडियातून चाललं होतं. आशाताई अधूनमधून माझ्यासाठी मराठीत सांगत होत्या. काखेत थर्मामीटर लावून झाला, झोळीत घालून वजन झालं. श्वास मोजायला मात्र थांबावं लागलं, कारण रडत्या बाळाचा श्वास मोजून उपयोग नसतो. बाळ निवलं तशी त्यांची एक नजर घड्याळावर आणि एक पोटाच्या हालचालीवर. मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त भरले, तर पुन्हा मोजायचे. मग आईला प्रश्न. दूध पहिल्यासारखं ओढतं का? रडणं बारीक झालंय का? अंग गार लागतं का?

घरी जाऊन बाळ तपासण्याची ही पद्धत याच गडचिरोली जिल्ह्यात घडली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. निरक्षर दाईंनाही न्यूमोनिया ओळखता यावा म्हणून त्यांनी वाळूचं घड्याळ आणि मणी जोडून एक साधन केलं होतं: दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, वाळू संपण्याआधी लाल मण्यावर आलात तर तो न्यूमोनिया. वापरणाऱ्या बाईला काय येतं, तिथून सुरू केलेलं हे संशोधन मला फार मोलाचं वाटतं. पुढे 39 गावांत पाचवी ते दहावी शिकलेल्या बायकांनी घरोघरी नवजात बाळं सांभाळली. धोक्याची दोन लक्षणं एकत्र दिसली की जंतुसंसर्ग धरायचा आणि घरच्यांच्या संमतीने तिथेच जेंटामायसिनचं इंजेक्शन सुरू करायचं. यातली कितीतरी लक्षणं फक्त आईच सांगू शकते. बाळ काल कसं होतं हे दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी उतरला होता. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांतलं मृत्यूचं प्रमाण 16.6 टक्के होतं, ते 2.8 वर आलं.

2011 मध्ये ही पद्धत देशभराची योजना झाली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला सहा भेटी, घरी जन्मलेल्याला सात. झोळी आली, थर्मामीटर आला, प्रश्न आले. इंजेक्शन मात्र गावोगावच्या आशा सेविकांच्या पिशवीत आलं नाही. लक्षण दिसलं की दवाखान्यात पाठवायचं, असा नियम झाला. लाखो आशांच्या हाती सुई देण्याची धास्ती मी समजू शकतो. पण हा बदल सगळ्यांना सारखा पडत नाही. तालुक्याच्या गावी, दाराशी रुग्णवाहिका येते तिथे, इंजेक्शन वगळल्याने फारसं बिघडत नाही. पावसाळ्यात पर्लकोटा नदीचं पाणी पुलावरून वाहू लागलं की भामरागडचा रस्ता तुटतो, आणि आतल्या पाड्यांना तर वाटेतले नालेच अडवतात. तेव्हा ‘दवाखान्यात न्या’ हा उपचार उरत नाही. पुढे घरचे दवाखान्यात जाऊ शकत नसतील तर नर्सबाईंनी इंजेक्शन द्यावं, अशी मुभा मिळाली. पण नर्सबाईही नाल्याच्या अलीकडेच असतात. ज्यांच्यासाठी ही पद्धत जन्मली, त्यांच्यापाशी पोहोचता पोहोचता तिचा सर्वांत गरजेचा भाग गळून गेला.

सिद्ध झालेला उपाय लोकांपर्यंत कसा जातो आणि जाताना त्यातलं काय उरतं, याचा अभ्यास म्हणजे अंमलबजावणी-संशोधन. त्याचा पहिलाच प्रश्न ‘किती जणांपर्यंत पोहोचलं’ हा असतो. उत्तर बहुधा जिल्ह्याच्या सरासरीत येतं. समजा, शंभरातल्या नव्वद भेटी झाल्या. राहिलेल्या दहा काही जिल्हाभर विखुरलेल्या नसतात. त्या त्याच त्या पाड्यांवरच्या असतात, त्याच महिन्यांतल्या. जिथे गरज जास्त तिथे चांगली सेवा कमी, हे ज्युलियन ट्युडर हार्ट या डॉक्टरने वेल्समधल्या कोळसा-खाणीच्या गावात राहून 1971 मध्येच लिहिलं होतं.

मोबदल्याचंही तेच. मार्गदर्शक सूचनांनी एका बाळामागे 250 रुपये ठरवले. घर शेजारच्या गल्लीत असो की दोन नाल्यांपलीकडे. वर अट अशी, की 42व्या दिवशी आई आणि बाळ दोघंही सुखरूप असावीत. म्हणजे बाळ दगावण्याचा धोका जिथे मोठा, तिथेच चालून चालून थकलेल्या बाईच्या हाती काही न पडण्याची शक्यताही मोठी. हा नियम लिहिताना दुर्गम पाड्यावरची आशा समोर बसलेली असती तर तो असा लिहिला गेला नसता, असं मला ठामपणे वाटतं.

परतीच्या वाटेवर मी आशाताईंना विचारलं, पावसाळ्यात कोणत्या भेटी राहतात? त्यांना आठवावंही लागलं नाही. पाडे, नाले, कुठलं पाणी किती दिवस चढलेलं असतं, सगळं त्यांनी चालता चालता सांगितलं. हा अभ्यासाचा तयार आराखडाच आहे. पाडानिहाय नोंदी काढाव्यात, जून ते सप्टेंबरचे आकडे वेगळे मांडावेत, आणि राहिलेल्या प्रत्येक भेटीपुढे कारण लिहावं. त्या चार महिन्यांत, प्रशिक्षित आशांच्या हाती, निदान तुटणाऱ्या पाड्यांपुरतं इंजेक्शन परत देऊन पाहावं आणि किती बाळं वाचतात ते मोजावं. कुठल्या पाड्यापासून सुरुवात करायची, ते ठरवायला आशाताई बैठकीला हव्यात.