कोनांच्या जोड्या : स्थानवाचक व मापवाचक संज्ञांमधील भेद

प्रस्तावना

शाळेतून महाविद्यालयात आलेल्या विद्यार्थ्यास 'संगत कोन म्हणजे काय?' असे विचारले असता 'समान मापाचे कोन' असे उत्तर पुष्कळदा मिळते. हे उत्तर अपुरे नसून चुकीचे आहे. समांतर रेषांच्या उदाहरणांत हा दोष झाकला जातो. मात्र प्रमेय व त्याचा व्यत्यास यांतील भेद समजून घेण्याची वेळ आली की तोच अडसर ठरतो. या दोषाचे मूळ कोठे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संज्ञांचे दोन वर्ग

कोटिकोन व पूरक कोन या संज्ञा केवळ मापावर आधारलेल्या आहेत. बेरीज ९०° भरली की कोटिकोन, १८०° भरली की पूरक कोन. मग ते कागदाच्या दोन टोकांना का असेनात. (हिंदी पाठ्यपुस्तकांत 'पूरक' ही संज्ञा ९०° बेरजेसाठी आणि 'संपूरक' ही १८०° साठी वापरतात. हिंदी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याचा गोंधळ म्हणूनच केवळ भाषिक असू शकतो.) याउलट संलग्न, विरुद्ध, संगत, व्युत्क्रम ही नावे स्थानावरून पडलेली असून त्यांत मापाचा उल्लेखही नाही. रेषीय जोडीसुद्धा मुळात स्थानवाचकच आहे : कोन संलग्न असावेत व त्यांच्या सामाईक नसलेल्या भुजा हे विरुद्ध किरण असावेत, एवढीच तिची अट. बेरीज १८०° येणे हा त्या रचनेचा परिणाम होय. ११०° व ७०° मापांचे कोणतेही दोन कोन पूरक असतात, परंतु ते रेषीय जोडीत असतीलच असे नाही.

विरुद्ध कोन आणि संगत कोन

दोन रेषा छेदल्याने क्रमाने अ, ब, क, ड हे कोन झाले, तर अ + ब = १८०° आणि ब + क = १८०°; म्हणून अ = क. युक्लिडच्या 'एलिमेंट्स'मधील पहिल्या खंडाचे १५ वे विधान ते हेच. येथे निव्वळ स्थानावरून समानता मिळते. विद्यार्थी नेमके हेच पुढील सर्व स्थानवाचक नावांना लागू करतो.

वस्तुतः कोणत्याही दोन रेषांना छेदिकेने भिन्न बिंदूंत छेदले की आठ कोन होतात व त्यांत संगत कोनांच्या चार जोड्या असतात. रेषा समांतर असोत वा नसोत. समानतेसाठी मात्र समांतरत्व लागते. युक्लिडने २७ व्या व २८ व्या विधानांत कोनांवरून समांतरत्व सिद्ध केले, तर २९ व्या विधानात समांतरत्वावरून कोनांची समानता सिद्ध केली. पाचव्या गृहीतकाचा आधार त्याने या २९ व्या विधानातच प्रथम घेतला. लोबाचेव्हस्की (१८२९) व बोल्याय (१८३२) यांच्या भूमितीत २७ वे विधान टिकते, २९ वे टिकत नाही. तेव्हा प्रमेय व व्यत्यास यांचे तार्किक वजन सारखे नाही. एन.सी.ई.आर.टी.च्या २००६ सालच्या नववीच्या पुस्तकात ही दोन्ही विधाने गृहीतके म्हणूनच दिली होती. त्यामुळे हा भेद विद्यार्थ्याच्या दृष्टीस पडण्याचा संभवच उरला नाही.

वर्गातील कृती

मोजपट्टी स्थिर धरून तिच्या कडेने गुण्या सरकवायचा, दोन समांतर रेषा काढायच्या व नंतर संगत कोन मोजून ते समान असल्याचा पडताळा घ्यायचा, ही कृती सर्वपरिचित आहे. परंतु गुण्या सरकवताना संगत कोन समान राखले जातात, म्हणूनच त्या रेषा समांतर होतात. येथे व्यत्यास वापरून आकृती काढली जाते आणि तिच्यावरून मूळ प्रमेय 'पडताळले' जाते. पेटीत स्वतःच ठेवलेली वस्तू पुन्हा बाहेर काढण्यासारखेच हे आहे. यातून हाताच्या सफाईची परीक्षा होते, प्रमेयाची नव्हे.

त्याऐवजी रेघी वहीच्या समान अंतरावरील दोन रेघा घेऊन त्यांवर तिरकी छेदिका काढावी. शेजारी दोन असमांतर रेषा व त्यांची छेदिका काढावी. दोन्ही आकृत्यांत प्रथम विरुद्ध व संगत कोनांच्या जोड्यांची केवळ नावे लिहून घ्यावीत आणि कोनमापक त्यानंतरच हाती द्यावा. दुसऱ्या आकृतीतही विरुद्ध कोन समान येतात, संगत कोन येत नाहीत. तरीही ते संगत कोनच असतात.