स्कॅनमध्ये गाठ चमकली म्हणजे उपचार फसला का?

रक्ताच्या कर्करोगावरील ‘कार-टी सेल’ उपचार आता मुंबईत मिळतो. सातारा, सांगलीच्या रुग्णांसाठी तो एका रात्रीच्या प्रवासावर आला आहे. पण उपचारानंतरचा पेट-सीटी अहवाल हातात पडला की घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. तो कसा समजून घ्यावा?

उपचार काय आहे?
रुग्णाच्या रक्तातील टी-पेशी काढून प्रयोगशाळेत त्यांना कर्करोगाची पेशी ओळखायला शिकवतात आणि पुन्हा शरीरात सोडतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून तयार झालेल्या ‘नेक्सकार१९’ला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. बी-पेशींचा लिम्फोमा किंवा ल्युकेमिया उलटलेल्या वा इतर उपचारांना दाद न देणाऱ्या रुग्णांसाठी तो आहे.

स्कॅन कधी?
लिम्फोमात साधारणपणे पेशी देण्यापूर्वी, नंतर सुमारे एक महिन्याने आणि तीन महिन्यांनी. ल्युकेमियात मात्र मुख्य भिस्त अस्थिमज्जेच्या तपासणीवर असते.

चमक कशाची?
स्कॅनआधी किरणोत्सारी साखर टोचतात. कर्करोगाच्या पेशी ती जास्त खातात, म्हणून चमकतात. पण लढणाऱ्या टी-पेशींमुळे आलेली सूजही साखर खाते. त्यामुळे पहिल्या महिन्यात गाठ वाढल्यासारखी दिसून पुढे विरघळू शकते. उलट, आजार खरोखरच वाढलेलाही असू शकतो. एका चित्रावरून फरक कळतोच असे नाही. अशा वेळी डॉक्टर काही आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करतात किंवा गाठीचा तुकडा तपासतात.

अहवालातील १ ते ५ आकडे
हा ‘डोव्हिल’ गुणांक. गाठीची चमक यकृताच्या चमकेशी ताडून पाहतात. १ ते ३ म्हणजे सहसा चांगला प्रतिसाद. ४ किंवा ५ आला तर आधीच्या स्कॅनशी तुलना महत्त्वाची ठरते.

गावाकडे स्कॅन करता येईल?
सोय असेल तर करता येतो. मात्र आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारा. शक्यतो त्याच केंद्रात, त्याच यंत्रावर केलेल्या स्कॅनची तुलना अधिक भरवशाची. स्कॅनचे औषध दर ११० मिनिटांनी निम्मे होते. पावणेचार तासांत जेमतेम चौथा भाग उरतो. म्हणून दिलेली वेळ चुकवू नका.

हे लक्षात ठेवा
• स्कॅनआधी सुमारे सहा तास उपाशी राहा, पाणी चालते. मधुमेह असल्यास आधी सांगा.
• पांढऱ्या पेशी वाढवणारे इंजेक्शन घेतले असल्यास सांगा. त्याने अस्थिमज्जा चमकते.
• नुसता कागद नको, जुन्या स्कॅनची सीडीही सोबत न्या.
• पेशी दिल्यानंतर ताप, धाप, बोलण्यात गोंधळ दिसला तर स्कॅनच्या तारखेची वाट पाहू नका. तडक रुग्णालयात फोन करा.