पाणपोईत पाणी कोणी भरावे?

पाणपोईवर तहान भागविणारा वाटसरू तिच्यात पाणी कोण भरतो, याची चौकशी सहसा करीत नाही. संगणकाच्या जगातही हीच वृत्ती नांदावी, याचे आम्हांस वैषम्य वाटते. 'ओपनबीएसडी' ही युनिक्सच्या परंपरेतील संगणकप्रणाली. थिओ द राट यांनी १९९५ साली तिचा आरंभ केला. कॅनडातील कॅल्गरी हे तिचे केंद्र. घडविणारे मात्र देशोदेशींचे, आणि बहुतांशी स्वयंसेवक. कोणीही ती विनामूल्य घ्यावी, तपासावी, बदलावी. याच मंडळींनी १९९९ मध्ये 'ओपनएसएसएच' जगाला दिले. दूरच्या संगणकाशी होणारे दळणवळण कूटबद्ध करून परक्यांपासून राखणे, हे त्याचे काम. आज जगातील असंख्य संगणकांच्या दारी हाच पहारेकरी उभा आहे आणि बड्या कंपन्याही त्याच्याच भरवशावर निर्धास्त आहेत.

पण या पहारेकऱ्याच्या घरची स्थिती काय? २०१४ च्या जानेवारीत सुमारे २० हजार डॉलरांच्या विजेच्या बिलासाठी प्रकल्पाला जाहीर याचना करावी लागली. पैसे न मिळाल्यास काम थांबेल, असे सांगण्याची पाळी आली! देणग्या आल्या, संकट टळले. पण लाज टळली काय?

परवान्यात मोबदल्याची अट नाही, हे खरे. परंतु कायद्याने जे मागितले नाही, ते नीतीनेही माफ केले असे नव्हे. ज्यांचा व्यवहार या श्रमांवर चालतो, त्यांनी आपला वाटा नेमाने उचलावा. ते दान नव्हे, ऋणफेड आहे.